अब्बांची रजा, मुलांची सुट्टी

कोकणातल्या आपल्या वस्त्यांमध्ये डिसेंबर लागल्याचे कॅलेंडर न बघताही कळते. भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते, शेतांत वाल वर आलेला असतो, आंब्याला मोहोर धरू लागतो आणि वर्षभर कुलूप असलेल्या घरांच्या खिडक्या एकेक करून उघडू लागतात. मोहल्ल्यात भाड्याच्या गाड्या येऊन थांबतात. टपावर दोरीने आवळलेली खोकी असतात आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत गावाचे नाव लिहिलेले असते. श्रीवर्धन-म्हसळ्यापासून मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरीपर्यंत हेच चित्र. कुवेत, कतार, सौदी, दुबई, मस्कत, जिथे जिथे आपली माणसे आहेत तिथून ती घरी येतात. लग्नांच्या तारखाही त्यांच्या रजा पाहूनच धरलेल्या असतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळांना याच सुमारास नाताळची आठ-दहा दिवसांची सुट्टी असते. जिल्हा परिषदेच्या मराठी-उर्दू शाळांची मोठी सुट्टी दिवाळीतच होऊन जाते, पण डिसेंबरात तिथेही क्रीडास्पर्धा, सहल आणि स्नेहसंमेलनाची गडबड असते. थोडक्यात, मुले मोकळी आणि वडील घरात, असे वर्षातून एकदाच जुळून येते.

घरचा कर्ता दूर असणे आपल्याला नवे नाही. आपल्या पणजोबांच्या पिढीतले कित्येक जण आगबोटींवर खलाशी होते, काही दक्षिण आफ्रिकेत जाऊन राहिले. १९७०च्या दशकात तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत कामे निघाली आणि वाट तिकडे वळली. त्या कमाईवर घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मशिदी आणि शाळा बांधल्या गेल्या, मुले शिकली. तेव्हा परदेशी गेलेल्या बापाला दोष देण्यासाठी हा लेख नाही. तो जेव्हा येतो तेव्हा त्याचे दिवस कुठे जातात आणि त्यातले किती दिवस त्याच्या लहान मुलांच्या वाट्याला येतात, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करायचा आहे.

तीस दिवसांचा हिशेब

संयुक्त अरब अमिरातीच्या आणि कुवेतच्या कामगार कायद्यात वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा आहे. सौदी अरेबियात ती २१ दिवसांची असून एकाच मालकाकडे पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ३० दिवसांची होते. अनेक जण तिकिटाचा खर्च वाचवण्यासाठी दोन वर्षांची रजा एकदम घेऊन दोन महिने येतात. कसेही मोजले तरी हिशेब तोच राहतो. सहा वर्षांच्या मुलाने आपल्या वडिलांसोबत एका छपराखाली काढलेले दिवस फार तर १८० भरतात. म्हणजे सहा वर्षांत सहा महिने. त्यातही पहिल्या वर्षाचे त्याला काहीच आठवत नाही.

आता आलेल्या ३० दिवसांची वजाबाकी करून पाहा. मुंबईहून येण्या-जाण्यात दोन दिवस. नातेवाइकांच्या भेटी आणि मयतीच्या घरी सांत्वनाला जाण्यात चार-पाच दिवस. दोन-तीन लग्ने, त्यांची हळद-मेंदी आणि वलीमा धरून आठवडा. बँक, तलाठी, आधार कार्ड, पासपोर्ट, घराची गळती, विहिरीचा पंप यांत आणखी आठवडा. आई-वडिलांना डॉक्टरकडे नेण्यात दोन-तीन दिवस. उरलेल्या दिवसांत जुने मित्र. मुलाच्या वाट्याला खोके उघडण्याची ती पहिली संध्याकाळ येते आणि विमानतळाच्या वाटेवरची शेवटची.

मी उर्दू शाळेत लहान वर्गांना मराठी शिकवते. ‘माझे वडील’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या, की पहिल्या दोन ओळी सगळ्यांच्या भराभर होतात. वडिलांचे नाव आणि ते काय काम करतात. तिसऱ्या ओळीपासून वर्गात दोन गट पडतात. ज्यांचे वडील गावातच रिक्षा चालवतात, मासे विकतात, दुकान सांभाळतात, ती मुले लिहितात: ते घोरतात, त्यांना कारल्याची भाजी आवडत नाही, ते मला सायकलवर पुढे बसवतात. ज्यांचे वडील आखातात आहेत, त्यांच्या वहीत येते: त्यांनी मला घड्याळ आणले, बूट आणले, टॅब आणला. ही मुले वडिलांवर कमी प्रेम करतात असे अजिबात नाही. उलट त्यांच्याबद्दल बोलताना त्यांचे डोळे चमकतात. पण त्यांना वडिलांच्या वस्तू ठाऊक आहेत, सवयी ठाऊक नाहीत. आणि मूल माणसाला ओळखते ते सवयींवरून.

दीर्घ विरहाची चिंता आपल्या दीनमध्येही केलेली आहे. हजरत उमर (रजि.) यांनी आपली कन्या उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांचे मत घेऊन सैनिकांना घरापासून दूर ठेवण्याची मुदत काही महिन्यांपुरती मर्यादित केली, असे रिवायतीत येते. प्रवास हा यातनेचाच एक भाग आहे आणि काम संपताच माणसाने घराकडे लगबगीने परतावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आजच्या करारात बांधलेल्या माणसाला मुदत ठरवता येत नाही. पण घरी आल्यावरचे दिवस कसे घालवायचे, हे बऱ्याच अंशी त्याच्या आणि घरच्यांच्या हातात असते.

पहिले तीन दिवस

दीड-दोन वर्षांचे मूल वडिलांना रोज मोबाइलच्या पडद्यावर पाहते, हात हलवते, ‘अब्बा’ म्हणते. तेच अब्बा प्रत्यक्ष दारात उभे राहिले, की ते आईच्या खांद्यात तोंड लपवते. उंच, दाढी असलेला, वेगळ्या अत्तराचा वास येणारा हा माणूस आणि पडद्यावरचा तळहाताएवढा चेहरा एकच आहेत, हे त्याच्या बुद्धीला लगेच उमगत नाही. साधारण आठव्या महिन्यापासून पुढे परक्याची भीती वाटणे ही निरोगी वाढीची खूण आहे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बापाला मात्र ते काळजात लागते. त्यातच घरातले कोणी तरी हसून म्हणते, ‘बघ, तुला ओळखतच नाही!’ हे वाक्य कोणी बोलू नये. मूल रडत असताना ते ओढून वडिलांच्या कडेवर देण्याची घाईही करू नये.

वडिलांनी जमिनीवर बसावे. आईशी, दादीशी बोलत राहावे. हातात एखादी वस्तू घेऊन आपल्याच नादात खेळावे. मूल आधी लांबून पाहील, मग जवळून फिरेल, मग त्या वस्तूला हात लावेल. कुणाला तासभर लागेल, कुणाला तीन दिवस. हे तीन दिवस पाहुण्यांना दूर ठेवता आले तर फार बरे. ‘आज दमलेत, शुक्रवारी या,’ असे दादींनी सांगितले तर कोणाला राग येत नाही.

विमान बहुधा रात्री-अपरात्री उतरते. मुलांना मुंबईपर्यंत नेऊन, विमानतळाबाहेर दोन-दोन तास ताटकळत ठेवून, पुन्हा महामार्गावरचा सात-आठ तासांचा प्रवास करवण्यात हौस मोठी असते, पण भेट होते ती पेंगलेल्या मुलाची आणि थकलेल्या बापाची. त्यापेक्षा मुलांनी गावच्या फाट्यापर्यंत सामोरे जावे. यात एक सुंदर सुन्नतही आहे. हजरत अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) सांगतात, की प्रेषित (स.) सफरीहून परतत तेव्हा घरातली मुले त्यांच्या स्वागताला पुढे नेली जात. एकदा त्यांनी लहानग्या अब्दुल्लाहला उचलून आपल्यापुढे बसवले, मग हजरत फातिमा (रजि.) यांच्या मुलाला मागे घेतले आणि तिघे एकाच जनावरावर बसून मदिनेत शिरले. ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. सामान नंतर उतरवता येते. आधी मुलांना उचलून घ्यायचे असते.

भेटीनंतर काय करायचे?

आपल्या परंपरेत दूर राहिलेल्या बापाची सर्वांत मोठी कहाणी हजरत इब्राहीम (अलै.) यांची आहे. अल्लाहच्या आज्ञेने त्यांनी हजरत हाजरा (अलै.) आणि तान्हे इस्माईल (अलै.) यांना मक्केच्या वैराण खोऱ्यात सोडले. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून बुखारीत आलेल्या दीर्घ रिवायतीत पुढच्या भेटींचे वर्णन आहे. इस्माईल (अलै.) मोठे झाल्यावर वडील दोनदा आले, पण मुलगा उपजीविकेसाठी बाहेर गेला होता, भेट झाली नाही. पुढच्या वेळी ते आले तेव्हा इस्माईल (अलै.) जमजमजवळ एका झाडाखाली बाण तासत बसले होते. वडिलांना पाहताच ते उठले आणि बाप-लेक जसे भेटतात तसे दोघे भेटले.

त्यानंतर जे घडले ते आपल्या विषयासाठी फार मोलाचे आहे. वडिलांनी मुलाला सांगितले, की अल्लाहने एक काम सोपवले आहे, तू मदत करशील का? मुलगा हो म्हणाला. मग मुलगा दगड आणून देऊ लागला आणि बाप भिंत रचू लागला. भिंत उंच झाली तेव्हा मुलाने वडिलांना उभे राहायला दगड आणून दिला. काबागृहाचा पाया उचलताना दोघांनी मिळून केलेली दुआ सूरह बकरामध्ये आहे आणि आपण ती आजही मागतो. इतक्या वर्षांच्या अंतरानंतर बाप आणि मुलगा एकमेकांच्या जवळ आले ते सोबत काम करताना.

रजेवर आलेल्या बापाने एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे: मुलासाठी वेगळा वेळ काढता आला नाही तर, जे काम करणार आहात त्यात मुलाला सोबत घ्या. पंप दुरुस्त करताना पान्हा हातात द्यायला पाच वर्षांचा मुलगा पुरतो. बागेत मोहोर पाहायला जाताना सात वर्षांची मुलगी पाण्याची बाटली धरते आणि वाटेत शंभर प्रश्न विचारते. बाजारात मासे घेताना कोलंबी आणि कालवांत फरक काय, हे बापाच्या तोंडून कळलेले मूल विसरत नाही. काम दुप्पट वेळ घेईल हे खरे. पण तो जादा गेलेला वेळच मुलाच्या लक्षात राहणार आहे.

रोजच्या चार गाठी

लहान मुलांना एका मोठ्या सहलीपेक्षा रोज त्याच वेळी घडणारी छोटी गोष्ट अधिक भावते. उद्याही हे होणार, या खात्रीवर त्यांचा विश्वास उभा राहतो. म्हणून लग्नाला जायचे असो वा बँकेत, रोजच्या चार गोष्टी ठरवून घ्याव्यात.

पहिली फजर. उन्हाळ्यात मुलांना फजरला उठवणे जड जाते. मे-जूनमध्ये आपल्याकडे सहा वाजताच सूर्य उगवून जातो. डिसेंबरअखेर मात्र तो सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सहा-सव्वासहाला उठलेल्या मुलालाही जमात मिळते. सात वर्षांच्या वयापासून मुलांना नमाजची सवय लावावी, अशी शिकवण आहे. त्याहून लहान असेल आणि हट्टाने मागे लागले तर शालीत गुंडाळून न्यावे. प्रेषित (स.) यांनी आपली नात उमामा (रजि.) हिला खांद्यावर घेऊन नमाज पढवली आहे. सजद्याच्या वेळी ते तिला खाली ठेवत आणि उभे राहताना पुन्हा उचलून घेत. मशिदीत मुलाने जरा आवाज केला म्हणून डोळे वटारणाऱ्या बुजुर्गांनाही ही हदीस अदबीने सांगायला हरकत नाही. मुलीला घरी सोबत घेऊन नमाज पढता येते. सुट्टीतली बापाबरोबरची फजर ही केवळ मुलग्यांची मिरास नाही.

दुसरी गोष्ट सबक. मकतबमध्ये मूल कायद्यावर असेल वा पाऱ्यावर, दिवसातून १५ मिनिटे वडिलांनी त्याचा सबक ऐकावा. चुका काढण्यासाठी उस्ताद आहेत. बापाने फक्त शेजारी बसून ऐकायचे. ज्यांचा स्वतःचा तजवीद कच्चा आहे, त्यांनी मुलाला सांगावे, ‘मला शिकव.’ मुलाची मान कशी ताठ होते ते पाहावे.

तिसरे एक वेळचे जेवण, शक्यतो रात्रीचे, एका दस्तरखानावर आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. घावणे असोत की तांदळाची भाकरी आणि तिखले, त्या अर्ध्या तासात मुलांना बोलू द्यावे. बापाने परदेशातल्या आपल्या दिवसाबद्दलही सांगावे: खोलीत किती जण राहतात, स्वयंपाकाची पाळी कोणाची असते, उन्हाळ्यात दुपारी काम का थांबवतात. मुलांच्या कल्पनेत दुबई म्हणजे उंच इमारती आणि चॉकलेट. बापाच्या कष्टाची साधी, कुरकुर नसलेली ओळख त्यांना झाली तर आणलेल्या वस्तूची किंमतही कळते.

चौथी झोपतानाची गोष्ट. प्रेषितांच्या जीवनातली लहानशी घटना, हजरत युनूस (अलै.) आणि मासा, नाही तर बापाच्या स्वतःच्या बालपणीचा नदीतला उपद्व्याप. गोष्ट तीच ती सांगितली तरी चालते. मुलांना ऐकलेलीच गोष्ट पुन्हा हवी असते.

या चार गाठींशिवाय एखादी संध्याकाळ पोपटीची असावी. रायगडकरांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी: वालाच्या कोवळ्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडे मीठ आणि मडक्याच्या तळाला-तोंडाला भांबुर्डीचा पाला. मडके शेतात उलटे ठेवायचे आणि भोवतीने काटक्या, पेंढा पेटवायचा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचे. ते चर्रकन वाजून लगेच सुकले की पोपटी झाली. शेंगा निवडण्यापासून पाला आणण्यापर्यंत यात प्रत्येक वयाच्या मुलाला काम आहे, आणि सगळे जण जाळाभोवती बसलेले असताना बापाला कुठे जायची घाई नसते.

खोक्यातल्या वस्तू आणि न्याय

दूर राहिल्याची भरपाई वस्तूंनी करण्याचा मोह कोणत्याही बापाला होतो. तो समजण्यासारखा आहे. पण तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वाटणीतला न्याय. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक विशेष भेट दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षी राहण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले आहे का, असे प्रेषितांनी (स.) विचारले. उत्तर नाही असे येताच त्यांनी साक्षी होण्यास नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. मुलाला महागडी रिमोटची गाडी आणि मुलीला केसांच्या क्लिपांचे पाकीट, ही वाटणी मुली विसरत नाहीत. वडील गेलेल्या घरात धाकट्या भावाची मुले असतील तर त्यांच्यासाठीही काही असावे. खोके सर्वांसमोर उघडायचे असेल तर हे आधी मनाशी ठरवावे.

दुसरी, टॅब आणि मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा आहे, त्याहून कमी असेल तर उत्तमच. वडील टॅब देऊन महिन्याने निघून जातात. तो मुलाच्या हातातून रोज काढून घेण्याचे काम पुढचे अकरा महिने आई करते. तेव्हा अशी वस्तू आणण्याआधी निदान तिला विचारावे.

तिसरी, प्रेमाची कवाईत. आखातात दहा-दहा तास राबलेल्या पुरुषांना मुलांना कुरवाळणे अवघड वाटते, विशेषतः वडीलधाऱ्यांसमोर. अकरा बिन हाबिस (रजि.) हे टोळीचे सरदार. प्रेषितांनी (स.) हजरत हसन (रजि.) यांचा मुका घेतलेला पाहून ते म्हणाले, की मला दहा मुले आहेत, मी कधी कोणाचा मुका घेतला नाही. त्यावर मिळालेले उत्तर सर्वांना माहीत आहे: जो दया करत नाही, त्याच्यावर दया केली जात नाही. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायला खोके लागत नाही.

आईची अकरा महिन्यांची घडी

अकरा महिने घर एकटी चालवणाऱ्या स्त्रीची एक घडी बसलेली असते. अभ्यास कधी, झोप कधी, किती खाऊ, कोणाशी खेळायचे. वडील येतात आणि लाडाने ती घडी विस्कटते. रात्री अकरापर्यंत जागरण, रोज आइसक्रीम, शाळेला दांडी. आई नाही म्हणते, बाप हो म्हणतो, आणि चार वर्षांचे मूलही दोन दिवसांत हे ओळखते. काही घरांत याच्या उलट होते. बाप आल्या आल्या कडक शिस्त लावायला जातो, मार्कांवरून ओरडतो आणि मूल त्याच्या जाण्याचे दिवस मोजू लागते.

दोन्ही टाळण्याचा उपाय एकच आहे. पहिल्या आठवड्यात वडिलांनी नियम बदलू नयेत, आधी समजून घ्यावेत. मतभेद असेल तर मुले झोपल्यावर बोलावे. आणि आईनेही वर्षभर ‘अब्बा येऊ देत, मग बघते तुझ्याकडे’ ही धमकी वापरू नये. त्या एका वाक्याने दूरच्या बापाचा फौजदार होतो, आणि मग तो दारात आल्यावर मूल लपले तर नवल काय?

या सुट्टीत आईचाही हक्क आहे. हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, की प्रेषित (स.) घरात काय करत? त्या म्हणाल्या, की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. आठवड्यातून एक सकाळ मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, भरवणे बापाने करावे आणि आईने माहेरी जावे किंवा नुसते निवांत बसावे. बापाच्या हातून वेणी वाकडी होईल. मुलगी ती दिवसभर मिरवेल.

निरोप

सर्वांत कठीण दिवस शेवटचा. मूल रडेल म्हणून ते झोपलेले असताना निघून जाण्याची रीत अनेक घरांत आहे. हेतू मायेचा असतो, पण परिणाम उलटा होतो. सकाळी उठलेले मूल घरभर शोधते. माणसे न सांगता नाहीशी होतात, हा धडा ते घेते. मग आई विहिरीवर गेली तरी पदर सोडत नाही, शाळेच्या दारात किंचाळते. जानेवारीच्या मध्यापासून बालवर्गात अशी मुले दरवर्षी दिसतात.

त्याऐवजी आठवडाभर आधी सांगावे. लहानग्यांना तारीख कळत नाही, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाण्याच्या दिवसाला गोल करावा आणि रोज एक दिवस खोडावा. बॅग भरताना मुलांचा हात असू द्यावा. निघताना जागे करून, मिठी मारून, सलाम करून निघावे. मूल रडेल. रडू द्यावे. वडिलांचे डोळे भरून आले तर तेही त्याला दिसू द्यावेत. आणि ‘लवकर येतो’ असे खोटे आश्वासन देऊ नये. ‘पुढच्या मोहोराला येईन, इन्शाअल्लाह’ हे खरे आहे आणि मुलाला समजणारेही.

गेल्यानंतरच्या फोनची वेळ इथे असतानाच ठरवावी. कुवेत, कतार, सौदी आपल्या अडीच तास मागे आहेत, दुबई आणि मस्कत दीड तास. तिकडे रात्री साडेआठला जेवण उरकून फोन लावला तर आपल्याकडे अकरा वाजलेले असतात आणि मूल गाढ झोपेत असते. सकाळी साडेसातला ते शाळेची तयारी करते तेव्हा कुवेतमध्ये पहाटेचे पाच. म्हणून ज्यांना जुम्याची सुट्टी असते त्यांनी शुक्रवारची आपली संध्याकाळची पाच-साडेपाचची वेळ मुलांसाठी राखून ठेवावी. तिकडे तेव्हा दुपारचे अडीच-तीन असतात. त्या फोनवर पैशांचे आणि तक्रारींचे बोलणे नको. सबक ऐकावा, राहिलेली गोष्ट पुढे न्यावी. फोनवर मुले दोन मिनिटांत पळून जातात, त्याने खट्टू होऊ नये. ज्या बापाबरोबर त्यांनी पंप दुरुस्त केला, मोहोर पाहिला, शेंगा निवडल्या, त्याच्याशी बोलायला त्यांच्याकडे विषय असतो: ‘अब्बा, कैऱ्या धरल्या!’

यंदा ज्यांना रजा मिळाली नाही, ज्यांचे कागद अडकले आहेत, त्यांची मुलेही याच मोहल्ल्यात असतात. ज्यांचे वडील हयात नाहीत अशीही असतात. शेजारच्या घरात खोके उघडताना ती उंबऱ्याशी उभी असतात. पोपटीच्या जाळाभोवती, फजरच्या वाटेवर, बागेत जाताना त्यांना हाक मारावी. यतीमच्या डोक्यावर हात फिरवणारी आपली उम्मत आहे, हे मुलांनी पुस्तकातून शिकण्याऐवजी आपल्या अंगणात पाहावे.

अल्लाह तआला घरापासून दूर राबणाऱ्या प्रत्येक बापाच्या रोजीत बरकत देवो, मागे घर सांभाळणाऱ्या आयांना सबर आणि साथ देवो, आणि जे थोडे दिवस एकत्र मिळतात ते आपल्या मुलांच्या आठवणीत कायम राहोत. आमीन.